तळ्यावरची वेगमर्यादा आणि आईची वही

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका लहान तळ्यावर बोटींना वेगमर्यादा लागावी म्हणून मी सरकारकडे अर्ज केला, त्याची ही हकिगत. पहिल्या तक्रारीपासून पाण्यात बोया, म्हणजे खुणेचे तरंगते पिंप, येईपर्यंत तीन वर्षं गेली. अशा भानगडीत पडायचा विचार कुणी करत असेल तर माझ्या चुका तरी त्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून तारीखवार लिहिते आहे. तळ्याचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, आणि मला अजून तिथे राहायचं आहे.

आमचं तिथे छोटंसं लाकडी घर आहे. इकडे त्याला 'कॅम्प' म्हणतात. तळं डमरूसारखं आहे: दोन मोठे भाग आणि मध्ये चिंचोळी गळपट्टी. आमचं घर बरोबर त्या गळपट्टीवर. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी प्रत्येक बोट आमच्या धक्क्यासमोरून जाते.

२ जुलै २०२२, शनिवार. चार जुलैच्या सुट्टीचा आठवडा, तळ्यावर जत्रा. माझा अकरा वर्षांचा लेक कायाक घेऊन धक्क्यापासून जेमतेम वीस हात गेला होता. एक बोट गेली, पाठोपाठ लाट आली, कायाक आडवी झाली आणि लेक पाण्यात. लाइफ जॅकेट होतं, पोहताही येतं, म्हणून काही झालं नाही. पण उलटी कायाक धक्क्याच्या खांबावर आपटली तो ठक्क आवाज पुढे किती तरी दिवस माझ्या डोक्यात होता. डोकं मधे असतं तर?

दुसऱ्या दिवशी मी मरीन पॅट्रोलला, म्हणजे इथल्या जलपोलिसांना फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं: बोटीचा नोंदणी क्रमांक? नाही. वेळ? साधारण अडीच. बोट किनाऱ्यापासून किती फुटांवर होती? मी म्हटलं, फुटांचं नाही सांगता येणार, पण भयंकर जोरात होती. 'भयंकर जोरात' असा रकाना त्यांच्या फॉर्ममध्ये नव्हता. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली आणि सांगितलं की किनाऱ्यापासून दीडशे फुटांचा नियम वाचून ठेवा. तो मी वाचला नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, वेगमर्यादा.

वर्षभर नुसतीच चिडचिड केली. २०२३ च्या मे महिन्यात शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी कायद्याचं एक पान छापून आणून दिलं. आरएसए २७०:१२ (आरएसए म्हणजे राज्याच्या कायद्यांचा संग्रह). त्याचा सारांश असा: तळं ज्या गावात आहे तिथल्या निदान २५ रहिवाशांनी किंवा मालमत्ताधारकांनी सह्या करून अर्ज दिला, तर राज्याच्या सुरक्षा खात्याचे आयुक्त नोटीस काढून, जाहीर सुनावणी घेऊन त्या तळ्यावर बोटींचा वेग किंवा इंजिनाची ताकद मर्यादित करणारा नियम करू शकतात. विधिमंडळात जायची गरज नाही. नुसत्या पंचवीस सह्या! मला वाटलं, दोन शनिवारांचं काम आहे.

आम्ही आकडा ठरवला ताशी २५ मैल, म्हणजे चाळीस किलोमीटर. कसा ठरवला? शिक्षिकाबाई म्हणाल्या वीस, मी म्हटलं तीस, झालं पंचवीस. यापेक्षा जास्त विचार केला नव्हता हे आज लिहायला लाज वाटते.

त्याच उन्हाळ्यात आई आली होती, साडेतीन महिन्यांसाठी. तिला दिवसभर करायला काही नव्हतं, आणि धक्क्यावरून तिचं लक्ष कशावरूनही सुटत नसे. म्हणून तिला मोजणीचं काम दिलं. आमच्या धक्क्यापासून दक्षिणेकडच्या एका मोठ्या खडकापर्यंतचं अंतर मी नकाशावर मोजलं, ते भरलं ८८० फूट, म्हणजे मैलाचा बरोबर सहावा भाग. हिशेब त्यामुळे फारच सोपा झाला. बोटीला खडकापर्यंत जितके सेकंद लागतील त्यांनी ६०० ला भागायचं, की ताशी मैल मिळतात. वीस सेकंद लागले तर तीस मैल, पंधरा लागले तर चाळीस. कुणाला करायचं असेल तर असंच सोयीचं अंतर शोधा, रडार गन लागत नाही. शिवाय धक्क्याच्या खांबाला इंचांच्या खुणा रंगवलेली एक काठी बांधली, लाटेची उंची बघायला.

आईने दोनशे पानी वही घातली. रकाने तिचे तिनेच आखले: वार, वेळ, बोट, सेकंद, लाट, शेरा. 'बोट' या रकान्यात "पांढरी लांबडी", "सपाट, वर छप्पर, सगळे म्हातारे", "निळी, गाणी लावलेली". शेऱ्यात "ठीक", "बरी", "माज", आणि दोन ठिकाणी "फार माज".

तिसऱ्या आठवड्यात ती मला म्हणाली, "अगं, उलटंच दिसतंय हे. जोरात जाते तिची लाट बारीक. ही निळी रमतगमत जाते, तर काठीवर तेरा इंच."

मी म्हटलं, "आई, काठी हलली असेल."

"काठी नाही हलली. मी बघतेय ना."

मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर ऐकायचं नव्हतं. अर्जात वेगमर्यादा मागायची ठरली होती आणि छापूनही झाली होती.

सह्यांचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा गोड निघालं. लोक बसवून घेत, लेमोनेड देत, आणि आपल्या वडिलांच्या वेळी तळं कसं शांत होतं ते सांगत. एका सहीला सरासरी पाऊण तास. ऑगस्टच्या मध्याला ३४ सह्या झाल्या. मग टाउन हॉलच्या क्लार्कबाईंकडे नावं पडताळायला गेले. कागदावर नजर टाकून त्या म्हणाल्या, "उत्तरेकडचा कोपरा आमच्या गावात येत नाही, माहीत आहे ना?"

माहीत नव्हतं. गावाची हद्द तळ्यातून जाते, आणि कायद्यात शब्द आहेत 'प्रत्येक बाधित गावातल्या' २५ जणांच्या सह्या. म्हणजे दुसऱ्या गावातल्याही पंचवीस. त्या बाजूला तळ्यावर घरं आहेत अवघी नऊ. शिवाय माझ्या चौतीसमधल्या सहा बाद, कारण ते उन्हाळ्यापुरते भाडेकरू किंवा कुणाकडे आलेले पाहुणे. उरले २८.

तेव्हा सह्या गोळा करण्याआधी गावाच्या कर-नकाशावर तळ्याची हद्द बघा. तो टाउन हॉलमध्ये कुणालाही बघायला मिळतो. पंचवीस हव्या असतील तर चाळीस घ्या. आणि सहीशेजारी नाव व पत्ता ठळक अक्षरांत लिहून घ्या, नाहीतर तुमच्यावरही ते गिचमिड अक्षर घेऊन पुन्हा दारोदार जायची वेळ येईल.

दुसऱ्या गावासाठी युक्ती सांगितली तीही त्याच क्लार्कबाईंनी. सही करणाऱ्याचं घर तळ्याकाठीच असलं पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही, तो गावचा असला की पुरे. आणि इथल्या लहान गावांत सगळा गाव कुठे भेटतो? कचऱ्याच्या डेपोवर. दारात गाडी येत नाही, ज्याने त्याने आपला कचरा शनिवारी ट्रान्स्फर स्टेशनवर नेऊन टाकायचा. परवानगी काढून सप्टेंबर-ऑक्टोबरचे चार शनिवार मी काचेच्या बाटल्यांच्या डब्याशेजारी टेबल टाकून उभी राहिले. थंडीने बोटं आखडायची. सही देणाऱ्यांपेक्षा वाद घालणारे जास्त भेटले, आणि खरा विषय मला तिथे कळायला लागला.

विरोधकांना मी तोवर 'गोंगाट करणारे' या एकाच पेटीत टाकलं होतं. एक आजोबा म्हणाले, तळं सगळ्यांचं आहे, काठावरच्यांच्या बापाचं नाही. बरोबरच आहे, या राज्यात दहा एकरांहून मोठं कुठलंही नैसर्गिक तळं सार्वजनिक असतं. एक तरुण मुलगी म्हणाली, २५ मैलांत मी वॉटर-स्की कशी करू? मी घरी येऊन शोधलं. एका फळीवरच्या स्लालम स्कीच्या स्पर्धेत बोटीचा वेग बायकांसाठी ताशी ३४ आणि पुरुषांसाठी ३६ मैलांपर्यंत जातो. म्हणजे आमच्या आकड्याने तळ्यावरची स्कीच बंद पडणार होती, आणि स्की करणाऱ्यांवर माझा काडीचा राग नव्हता.

तरी अर्ज पाठवला. छापलेला होता, सह्या त्यावरच होत्या, आणि आकडा बदलला तर सगळ्या सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या असत्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोचपावतीच्या टपालाने दोन्ही गावांच्या सह्या, नकाशा आणि आईच्या वहीच्या झेरॉक्स प्रती रवाना झाल्या. रकान्यांची इंग्रजी नावं मी वर पेनाने लिहिली. 'माज'ला काय लिहावं यावर नवऱ्याशी अर्धा तास चर्चा झाली. शेवटी 'ॲटिट्यूड' लिहिलं.

मग शांतता. डिसेंबरात तळं गोठलं, त्यावर स्नोमोबाइल फिरायला लागल्या. दर दोन महिन्यांनी मी फोन करायचे, उत्तर यायचं की अर्ज मिळाला आहे, तारीख कळवू. या काळात मी विनिपेसॉकीबद्दल मिळेल ते वाचलं. न्यू हॅम्पशायरचं ते सगळ्यांत मोठं तळं, आणि बोटींच्या वेगाचा वाद म्हटला की या राज्यात सगळे त्याचंच नाव काढतात. तिथली मर्यादा १ जानेवारी २००९ पासून आधी प्रायोगिक म्हणून लागली आणि २०१० मध्ये कायम झाली. आता दिवसा ४५ मैल, रात्री ३०. त्याआधी २००७ च्या उन्हाळ्यात मरीन पॅट्रोलने तिथे रडार लावून वेग मोजले, तर बहुतेक बोटी ४५ च्या आतच निघाल्या. मग विरोधक म्हणाले, कुणी जोरात जातच नाही तर कायदा कशाला? समर्थक म्हणाले, कुणी जातच नाही तर कायद्याने तुमचं बिघडतं काय? एकाच आकड्याला दोन्हीकडून धरून ओढाओढ.

इंग्लंडमधल्या विंडरमिअरवर २९ मार्च २००५ पासून १० नॉटची, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरची मर्यादा आहे. तिथली पॉवरबोट आणि स्कीवाली मंडळी त्यामुळे तळंच सोडून गेली. हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. पण मला ती डेपोवरची मुलगी आठवली.

एका वकिलाचा एक तास घेतला, तीनशे डॉलर. त्यांनी सांगितलेलं बहुतेक सगळं क्लार्कबाईंनी फुकट सांगितलेलं होतं. बाकी खर्च टपाल, छपाई, नकाशे मिळून सत्तरेक डॉलर, आणि माझ्या तीन रजा.

सुनावणी लागली ७ ऑगस्ट २०२४ ला, संध्याकाळी, आमच्याच टाउन हॉलमध्ये. दोन्ही बाजू मिळून ऐंशीएक माणसं, एकच पंखा. दारात नाव लिहायचा कागद: बाजूने, विरोधात, की नुसतं ऐकायला. बोलायचं असेल तर आधीच खूण करा, नंतर क्रमांक फार मागे जातो. सगळ्याचं ध्वनिमुद्रण होतं, त्यामुळे बसल्या जागेवरून ओरडलेलं जमेस धरत नाहीत.

मी कायाकचा किस्सा सांगितला, लून पक्ष्यांचंही सांगितलं. लून पाण्याच्या अगदी कडेला घरटं करतो, कारण त्याचे पाय इतके मागे असतात की जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. मोठी लाट आली की अंडी वाहून जातात. लोकांनी माना डोलावल्या. मग माझ्या समोरच्या काठावरचे शेजारी उठले. साठीचे, हातावर इंजिनाचं तेल कायमचं मुरलेलं, तळ्यावरची सगळ्यांत वेगवान बोट त्यांची. त्यांच्या हातात आईच्या वहीची झेरॉक्स होती.

"ही मोजणी कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आईने."

"फार नीट केली आहे." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. "पांढरी लांबडी, चौदा सेकंद, लाट चार इंच. ही माझी बोट. ॲटिट्यूड." सभागृह हसलं. "निळी, गाणी लावलेली, पंचावन्न सेकंद, लाट तेरा इंच." मग ते थांबले. "पंचावन्न सेकंद म्हणजे ताशी अकरा मैल. तुमच्या नियमात मी गुन्हेगार, आणि ही निळी पास."

मी काही बोलू शकले नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. पुढे त्यांनी जे समजावलं ते मी आईच्या तोंडून वर्षभरापूर्वी ऐकलं होतं. अगदी सावकाश जाणारी बोट पाण्यात सरळ बसते, लाट नगण्य. खूप वेगात ती पाण्यावर उचलली जाते, तेव्हाही लाट लहान. वाईट तो मधला टप्पा: नाक वर, बूड पाण्यात खोल, नांगर ओढल्यासारखी पाणी ढकलत जाणारी बोट. आणि ती निळी तर त्याच कामासाठी बनवलेली होती. वेकसर्फिंगच्या बोटी पोटात मुद्दाम पाणी भरून जड होतात आणि ताशी दहा-अकरा मैलांनी चालतात, मागे स्वाराला खेळायला मोठी लाट मिळावी म्हणून. तेरा इंच आणि चार इंच म्हणजे तिपटीहून जास्त उंची. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाने वाढते, म्हणजे फरक दहा पटीच्या घरात.

त्यांच्यानंतर एकाने मिनेसोटा विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासाचा दाखला दिला: अशा बोटींनी किनाऱ्यापासून किमान ५०० फूट लांब राहावं. दुसरा म्हणाला, शेजारच्या व्हरमाँटने याच एप्रिलपासून वेकसर्फिंगला ५०० फुटांचा आणि २० फूट खोलीचा नियम लावला आहे. सगळी चर्चा वेगावरून अंतरावर सरकली होती, आणि माझ्या अर्जात अंतराचा एक शब्द नव्हता.

शेवटी सुनावणी अधिकाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. तुमच्या घरासमोर तळ्याची रुंदी किती?

"साधारण दोनशे साठ फूट."

त्यांनी लिहून घेतलं. बास. घरी जाताना अर्ध्या वाटेवर नवऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "दोनशे साठ भागिले दोन किती?"

एकशे तीस. कायद्यात, आरएसए २७०-डी:२ मध्ये, आधीपासून लिहिलेलं आहे की किनारा, धक्का, पोहणारे किंवा दुसरी बोट यांच्यापासून दीडशे फुटांच्या आत प्रत्येक बोटीने 'हेडवे स्पीड'नेच जायचं. म्हणजे ताशी सहा मैल, किंवा सुकाणू हाताला लागत राहील इतका कमीत कमी वेग. आमच्या गळपट्टीत बोट अगदी मधोमध नेली तरी ती कुठल्या तरी काठापासून दीडशे फुटांच्या आतच राहणार. मी जे मागत होते त्याहून चौपट कडक मर्यादा माझ्या धक्क्यासमोर आधीपासून लागू होती. फोनवरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वाचून ठेवा.

ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी निकालाचं पत्र आलं. संपूर्ण तळ्याला २५ मैलांची मर्यादा नामंजूर. गळपट्टीपुरता सध्याचा कायदा पुरेसा. अडीच पानं, भाषा सभ्य. मला वाईट वाटलं का? दोन दिवस, हो. शिक्षिकाबाईंना जास्त दिवस वाटलं, अजूनही वाटतं. त्यांचं म्हणणं, आकडा लागला असता तर धाक तरी बसला असता.

नोव्हेंबरात मी एक पानी विनंती पाठवली की गळपट्टीच्या दोन्ही तोंडांना खुणेच्या बोया लावाव्यात. खाली माझ्यासोबत सही होती समोरच्या काठावरच्या शेजाऱ्यांची. ती घ्यायला मी होडी वल्हवत त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी सही केली आणि 'ॲटिट्यूड'चा मूळ शब्द काय ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चार वेळा म्हणून पाहिला, ज त्यांना शेवटपर्यंत जमला नाही.

जून २०२५ मध्ये दोन पांढऱ्या बोया आल्या, त्यावर नारिंगी वर्तुळ आणि 'नो वेक', म्हणजे मागे लाट उठू देऊ नका. पहिल्याच शनिवारी मी धक्क्यावर बसले होते, आई व्हिडिओ कॉलवर. उत्तरेकडून निळी आली, तिशीच्या वेगात. चालवणाऱ्याने बोया पाहिली, शहाण्यासारखा वेग कमी केला आणि माझ्याकडे बघून हात केला. वेग उतरला तो साधारण बारा मैलांवर. नाक वर, बूड खाली.

काठीवर तेरा इंच. कायाक खांबावर ठक्क.

समोरच्या काठावरून, दोन्ही हात तोंडाभोवती धरून, ते शेजारी त्याच्यावर ओरडत होते, "अजून हळू! अजून!"

फोनमधून आईने विचारलं, "कोण, पांढरी लांबडीवाले का ते?"